वॉल्झ आवडत होते, मग मतं कुठे गेली?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. 2024च्या अमेरिकन निवडणुकीत बहुतेक पोल सांगत होते की उपाध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांपैकी कमला हॅरिस यांच्या जोडीचे टिम वॉल्झ लोकांना डोनाल्ड ट्रम्प यांच्या जोडीच्या जे. डी. व्हान्स यांच्यापेक्षा जास्त आवडतात. तरी हॅरिस हरल्या. मग पोल खोटे होते, की सोबतचा उमेदवार कोण आहे याने काडीचाही फरक पडत नाही? शिवाय तुमची मावसबहीण पेनसिल्व्हेनियात राहते आणि तिचं ठाम मत आहे की वॉल्झऐवजी त्यांचे गव्हर्नर जॉश शापिरो यांना घेतलं असतं तर निकाल फिरला असता. तिच्या मताबद्दलही तुम्ही विचारलंय.

मी सर्व्हेच्या धंद्यात पंचवीसेक वर्षं आहे. सुरुवात सोलापूर जिल्ह्यात, दारोदार फिरून धुण्याच्या पावडरीबद्दल विचारण्यापासून. नंतर ओहायोत फोनवरून सर्व्हे करणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागलो, आणि आता प्रश्नावल्या लिहिणं आणि आलेले आकडे तपासणं एवढंच काम करतो. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पोल खोटे नव्हते. त्यांनी विचारलं होतं, 'हा माणूस तुम्हाला कसा वाटतो?' तुम्ही त्याचं उत्तर वाचलंत ते 'याच्यामुळे मत कुणाला देणार?' या प्रश्नाचं म्हणून. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकन मतपत्रिका पाहिलीत तर लगेच कळेल. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांची नावं एकाच ओळीत असतात आणि त्यांच्यापुढे भरायला एकच गोल असतो. जोडी फोडून मत देता येत नाही. ज्याला वॉल्झ भला माणूस वाटतो पण महागाईवर राग आहे म्हणून ट्रम्प हवेत, त्याची वॉल्झबद्दलची आवड पोलमध्ये नोंदली जाते, मतपत्रिकेवर मात्र तिला जागाच नाही.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण 1988चं. थोरल्या जॉर्ज बुश यांनी इंडियानाचे तरुण सिनेटर डॅन क्वेल यांना घेतलं, आणि पहिल्या दिवसापासून त्यांची टिंगल सुरू झाली. समोर मायकल ड्युकाकिस यांच्या जोडीला टेक्सासचे मुरलेले सिनेटर लॉइड बेन्ट्सन. 5 ऑक्टोबरला ओमाहात दोघांची वादसभा झाली. क्वेलनी आपल्या अनुभवाची तुलना माजी अध्यक्ष जॉन (म्हणजेच जॅक) केनेडींशी केली आणि बेन्ट्सन शांतपणे म्हणाले, 'सिनेटर, तुम्ही काही जॅक केनेडी नाही.' सभागृहात टाळ्यांचा कडकडाट. ते वाक्य आजही अमेरिकेत म्हणीसारखं वापरतात. उपाध्यक्षपदासाठी बेन्ट्सन सरस, हे लोक पोलमध्येही सांगत होते. निकाल काय लागला? बुश-क्वेल जोडीने 40 राज्यं जिंकली, त्यांत बेन्ट्सन यांचं टेक्सासही होतं. आणि गंमत अशी की त्याच दिवशी त्याच टेक्सासने बेन्ट्सनना सिनेटवर पुन्हा निवडून दिलं, कारण तिथल्या नियमाने ते दोन्ही निवडणुका एकदम लढवत होते. मतदारांना ते आवडतच होते. फक्त ड्युकाकिस नको होते.

आता पोलमधल्या 'आवडतो' या आकड्याची चिरफाड करू. उमेदवाराचं नाव जाहीर झालं की दोन-तीन दिवसांत पहिले आकडे येतात. व्हान्स काय, वॉल्झ काय, जाहीर झाले तेव्हा बहुसंख्य अमेरिकनांना त्यांच्याबद्दल धड मत नव्हतं. वॉल्झ मिनेसोटाचे गव्हर्नर. मिनेसोटाच्या बाहेर ऑगस्टच्या आधी त्यांचं नाव राजकारणाचं वेड असलेल्यांनाच माहीत असावं. अशा वेळी फोनवर काय होतं ते सांगतो. मी हेडफोन लावून दुसऱ्याचा कॉल ऐकत असतो. आमच्या ऑफिसातली फोन करणारी मुलगी नाव वाचते. पलीकडे भांड्यांचा आवाज, टीव्ही चालू. बाई म्हणतात, 'कोण? परत सांगा.' मुलगी परत सांगते. 'हं... तो गव्हर्नर ना? बरा वाटतो.' मुलगी विचारते, 'खूप चांगलं मत की थोडं चांगलं मत?' बाई म्हणतात, 'थोडं.' झालं, एक 'अनुकूल' पडला. त्या बाईंनी दहा मिनिटांपूर्वी हॅरिसना मत देणार असं सांगितलेलं असतं. आपल्या बाईने निवडलाय म्हणजे बराच असणार, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून मी नेहमी सांगतो, अनुकूल-प्रतिकूल बघण्याआधी 'माहीत नाही' किती आहेत ते बघा. आणि तो आकडाही प्रश्न कसा विचारला यावर हलतो. ऑनलाइन सर्व्हेत 'पुरेशी माहिती नाही' हा पर्याय डोळ्यांसमोर असेल तर लोक निमूटपणे तो निवडतात. फोनवर तो वाचून दाखवला नाही तर तेच लोक काहीतरी मत ठोकून देतात. एकाच आठवड्यात दोन पोल वेगवेगळं सांगतात तेव्हा बऱ्याचदा कुणी लबाडी केलेली नसते, प्रश्नातल्या एका ओळीचा फरक असतो.

दुसरी गोची 'यामुळे तुमच्या मतावर परिणाम होईल का?' या प्रश्नाची. वर्तमानपत्रांना हा फार प्रिय. मला तो प्रश्नावलीत दिसला की काट मारावीशी वाटते. 1972मध्ये अध्यक्ष निक्सन यांच्याविरुद्ध लढणाऱ्या जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी मिसूरीचे सिनेटर थॉमस ईगलटन यांना घेतलं. थोड्याच दिवसांत बाहेर आलं की ईगलटन नैराश्यासाठी रुग्णालयात होते आणि त्यांना विजेचे झटकेही दिले गेले होते. मॅकगव्हर्न आधी म्हणाले, मी हजार टक्के त्यांच्या पाठीशी आहे; मग काही दिवसांतच त्यांना बाजूला केलं. ईगलटन जेमतेम 18 दिवस उमेदवार होते. त्या काळात 'टाइम' साप्ताहिकाच्या चाचणीत 77 टक्के लोक म्हणाले, त्यांच्या आजारपणाचा आमच्या मतावर परिणाम होणार नाही. हा आकडा जसाच्या तसा घ्यावा का? काही जण खरं बोलत असतील. काही जणांना आजाऱ्याविरुद्ध बोलणं प्रशस्त वाटलं नसेल. आणि बरेचसे तर आधीच निक्सनना मत देणार होते, त्यांच्यावर परिणाम व्हायला शिल्लकच काय होतं? मॅकगव्हर्नना खरा फटका बसला तो आजाराचा नव्हे. आज हजार टक्के आणि उद्या शून्य, असा हा माणूस आहे, हे चित्र लोकांच्या मनात बसलं. शेवटी त्यांना मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वॉशिंग्टन एवढंच मिळालं. ईगलटन नसते तरी ते हरलेच असते, यात मला शंका नाही. पण उमेदवाराची निवड लोक कशी वाचतात ते त्यात दिसतं.

आपल्याकडे मुलगा बघायला गेल्यावर जाणती माणसं त्याच्या मित्रांकडे लक्ष ठेवतात ना, तसंच. मित्राशी लग्न लावायचं नसतं, पण मित्रावरून मुलाची पारख होते. अमेरिकेत क्रिस्टोफर डिव्हाइन आणि काइल कोप्को या दोन राज्यशास्त्रज्ञांनी याच विषयाचा अनेक वर्षांच्या आकड्यांवरून अभ्यास केलाय. त्यांचा निष्कर्ष साधारण हाच आहे: सोबतच्या उमेदवाराचा मतावर थेट परिणाम फार थोडा, पण त्याच्यावरून लोक वरच्या उमेदवाराच्या निर्णयशक्तीबद्दल जे ठरवतात त्याचा होतो.

सेरा पॅलिन यांच्याकडे यायलाच हवं, कारण तिथे मी स्वतः तोंडघशी पडलोय.

29 ऑगस्ट 2008. रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन यांचा बहात्तरावा वाढदिवस, आणि त्याच दिवशी आमच्या ओहायोतल्या डेटनमध्ये त्यांनी उपाध्यक्षपदासाठी अलास्काच्या गव्हर्नर सेरा पॅलिन यांचं नाव जाहीर केलं. आदल्या रात्री डेनव्हरला त्यांचे प्रतिस्पर्धी ओबामा यांचं मोठं भाषण झालं होतं. सकाळी त्याची चर्चाच गायब. 3 सप्टेंबरला पॅलिन यांनी पक्षाच्या अधिवेशनात दणक्यात भाषण केलं आणि पुढच्या आठवड्यात मॅकेन बऱ्याच पोलमध्ये ओबामांच्या पुढे गेले. आमच्या ऑफिसात एका ग्राहकासाठी राज्याचा सर्व्हे चालू होता. त्यात उपनगरातल्या गोऱ्या स्त्रिया मॅकेनकडे धो धो वळताना दिसल्या. मी अहवालात तसं ठळक लिहिलं. ग्राहकाने त्यावर जाहिरातीचा पैसा हलवला.

पंधरा दिवसांनी तोच गट पूर्वपदावर. मी तेव्हा नीट पाहिलं नव्हतं की त्या गटात शंभरसुद्धा बायका नव्हत्या. हजार माणसांच्या नमुन्यात एका आकड्याची चूक साधारण 3 टक्के वर-खाली धरतात. दोन उमेदवारांमधल्या फरकावर ती जवळजवळ दुप्पट होते. शंभर माणसांत तीच चूक 10 टक्के, आणि फरकावर वीसच्या घरात. म्हणजे मला दिसलेली लाट ही निव्वळ फुटाण्यांची उडी असू शकत होती. शिवाय दुसरं एक कारण होतं, ते मला नंतर बऱ्याच वर्षांनी उमगलं. आपल्या बाजूची आनंदाची बातमी असली की लोक फोन उचलतात, वीस मिनिटं बोलतात. बाजू पडती असली की 'वेळ नाही' म्हणून ठेवून देतात. त्या आठवड्यात रिपब्लिकन घरं खुशीत होती. माणसांनी मत बदललंच नव्हतं, बोलणारी माणसं बदलली होती. म्हणून हल्ली मी आधी बघतो की नमुन्यात गेल्या वेळी कुणाला मत दिलं होतं त्याचं प्रमाण अचानक हललंय का. हललं असेल तर त्या आठवड्याच्या उसळीवर मी एक ओळही लिहीत नाही.

15 सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही बडी बँक कोसळली. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पॅलिन यांची टीव्ही पत्रकार केटी कुरिक यांच्याबरोबरची मुलाखत आली, आणि साध्या प्रश्नांवर त्या अडखळताना देशाने पाहिलं. आता मॅकेनची घसरण बँकेमुळे की पॅलिनमुळे? कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. दोन्ही एकाच पंधरवड्यात घडलं. पोल ते वेगळं करून दाखवू शकत नाही.

पण मतदानाच्या दिवशी, बाहेर पडणाऱ्या मतदारांना विचारलेल्या दोन प्रश्नांत बरंच काही सापडतं. पॅलिन गरज पडली तर अध्यक्ष व्हायला लायक आहेत का? 60 टक्के म्हणाले, नाहीत. ओबामांचे जोडीदार जो बायडेन यांना मात्र दोन-तृतीयांश लोकांनी लायक म्हटलं. ओबामांना मतं मिळाली 53 टक्के. म्हणजे पॅलिनना नालायक म्हणणाऱ्यांपैकी काही जण सरळ मॅकेनच्या नावापुढचा गोल भरून आले होते! दुसरा प्रश्न: पॅलिनच्या निवडीचा तुमच्या मतावर परिणाम झाला का? 'हो' म्हणणाऱ्यांमध्ये मॅकेनच पुढे. आता याचा अर्थ पॅलिननी मतं आणली असा लावायचा का? नाही. ज्याने मॅकेनला मत दिलंय तो हौसेने सांगतो की पॅलिनमुळे दिलं. ओबामाचा मतदार म्हणतो, माझं ठरलेलंच होतं. कारण आधी आणि मत मागून, असं आपण समजतो. सर्व्हेत पुष्कळदा मत आधी असतं आणि कारण मागून शोधलं जातं.

पॅलिनमुळे मॅकेनचं नुकसान कुठे झालं असेल तर ते त्यांच्या युक्तिवादात. ओबामा अननुभवी आहेत, हा त्यांचा मुख्य मुद्दा. बहात्तरीचा माणूस हे बोलतो आणि आपल्या पाठीमागे उभी करतो ती गव्हर्नर होऊन दोन वर्षंही न झालेली व्यक्ती. मग तो मुद्दा त्यांच्या तोंडी शोभेनासा झाला. आणि वयामुळे 'गरज पडली तर' हा प्रश्न कागदावरचा उरला नाही.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: ओळखतात का, आवडतो का आणि वेळ आली तर खुर्ची सांभाळेल का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यावर पहिल्या आठवड्यातला सगळा गोंधळ उभा असतो, दुसरा बातमीच्या मथळ्याला कामाचा, आणि तिसरा खरा, तोही वरच्या उमेदवाराचं वय किंवा अनुभव चर्चेत असेल तेव्हाच.

आता हेच 2024ला लावून बघा. 13 जुलैला पेनसिल्व्हेनियातल्या बटलरमध्ये ट्रम्प यांच्यावर गोळीबार. 15 जुलैला मिलवॉकीच्या अधिवेशनात व्हान्स यांचं नाव. 21 जुलैला तेव्हाचे अध्यक्ष बायडेन यांची उमेदवारीतून माघार, आणि त्यांच्या जागी हॅरिस. नऊ दिवसांत तीन भूकंप! व्हान्स यांचा परिणाम यातून चिमट्याने उचलून दाखवा म्हटलं तर मी हात जोडीन. पुढे त्यांचं मूल नसलेल्या, मांजरं पाळणाऱ्या बायकांबद्दलचं 2021चं बोलणं वर आलं आणि त्यांच्याबद्दलचं मत खाली गेलं, हे दिसतं. पण ट्रम्प यांच्याबद्दलचं मत त्याने हललं का? नाही. ट्रम्प आठ-नऊ वर्षं घराघरांत माहीत असलेला माणूस. कुणाला निवडलं यावरून त्याची नव्याने पारख करायला कोण बसलंय? 6 ऑगस्टला वॉल्झ आले, तेव्हा हॅरिसच्या मोहिमेत नवा जोर होता आणि त्यांनाही त्याचा वारा लागला. 1 ऑक्टोबरला दोघांची वादसभा झाली. कोण जिंकलं यावर प्रेक्षक जवळजवळ निम्मे-निम्मे वाटले गेले, व्हान्स यांच्याबद्दलचं मत थोडं सुधारलं, आणि कोण अध्यक्ष हवा हा आकडा जागच्या जागी राहिला. मला विचाराल तर दोन्ही निवडी मतांच्या दृष्टीने जवळजवळ शून्यच ठरल्या.

खरोखर मोजायचं असेल तर एक रीत आहे, आणि ती खर्चिक नाही. निम्म्या लोकांना विचारायचं, 'ट्रम्प की हॅरिस?' उरलेल्या निम्म्यांना, 'ट्रम्प-व्हान्स की हॅरिस-वॉल्झ?' कुणाला काय विचारायचं ते चिठ्ठी टाकून ठरवायचं. दोन्ही गटांतला फरक म्हणजे सोबतच्या नावाचं वजन. मी हे चार-पाचदा केलंय, आणि फरक बहुधा चुकीच्या मर्यादेतच सापडला. त्यातही मताचा प्रश्न आधी विचारायचा. आधी वॉल्झबद्दल पाच प्रश्न विचारून मग मत विचारलंत, तर तुम्हीच त्या माणसाच्या डोक्यात वॉल्झ भरलेत.

राहिली मावसबहीण. आपलं राज्य आणून देणं, हा या विषयातला सगळ्यात जुना समज आहे, आणि त्याचं श्रेय 1960ला जातं. केनेडींनी टेक्सासच्या लिंडन जॉन्सनना घेतलं आणि टेक्सास 46 हजारांच्या आसपास मतांनी जिंकलं. मी स्वतः मानतो की जॉन्सन नसते तर ते राज्य गेलं असतं. पण अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांतून मिळणाऱ्या इलेक्टोरल मतांवर; राज्य जिंकलं की बहुतेक ठिकाणी त्याची सगळी मतं मिळतात. केनेडींची अशी 303 मतं होती. टेक्सासची 24 वजा करा, 279 उरतात, आणि तेव्हा गरज होती 269ची. जॉन्सनमुळे दक्षिणेतली बाकीची राज्यं किती टिकली हा वादाचा मुद्दा आहे, पण एकट्या टेक्सासने निवडणूक तारली नाही. त्यानंतरची यादी तर उदासच आहे. 1988ला बेन्ट्सन यांचं टेक्सास गेलं, 2004ला जॉन एडवर्ड्स यांचं नॉर्थ कॅरोलायना गेलं, 2012ला पॉल रायन यांचं विस्कॉन्सिन.

वॉल्झ यांनी मिनेसोटा राखलं, पण 2020ला बायडेन तिथे साधारण 7 टक्क्यांनी जिंकले होते, हॅरिस 4ने. काही जण म्हणतात, देशभर हॅरिस यांचा डेमोक्रॅट पक्ष 6 टक्क्यांनी घसरला आणि मिनेसोटात 3नेच, म्हणजे वॉल्झ यांनी 3 टक्के वाचवले. मग शेजारचं विस्कॉन्सिन बघा. तिथे वॉल्झ नव्हते, आणि घसरण जेमतेम दीड टक्का. शेजाऱ्याशी ताडून न पाहता काढलेला असला हिशोब मी कधी धरत नाही.

शापिरो पेनसिल्व्हेनियात लोकप्रिय आहेत, हे तुमच्या मावसबहिणीचं म्हणणं बरोबर. 2022मध्ये ते जवळजवळ 15 टक्क्यांच्या फरकाने गव्हर्नर झाले. हॅरिस तिथे 1 लाख 20 हजार मतांनी हरल्या, म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या आतच. तेवढं शापिरोंनी भरून काढलं असतं असं आपण तिच्या खातर धरून चालू. मग पुढचा हिशोब तिच्याबरोबर बसून करा. हॅरिसची 226 इलेक्टोरल मतं, पेनसिल्व्हेनियाची 19 मिळवली की 245. लागतात 270. उरलेली 25 आणायला सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे मिशिगनची 15 आणि विस्कॉन्सिनची 10, दोन्ही. तेव्हा कुठे काठावर 270 होतात. मिशिगनमध्ये हॅरिस 80 हजारांनी मागे होत्या, विस्कॉन्सिनमध्ये 29 हजारांनी. आणि मग तिला विचारा, 2024च्या उन्हाळ्यात विस्कॉन्सिनच्या मिलवॉकीत किंवा मिशिगनच्या ग्रँड रॅपिड्समध्ये कुणाला फोन करून शापिरोंचं नाव घेतलं असतं, तर पलीकडून 'कोण? परत सांगा' असं ऐकू आलं नसतं का?